पोकळ वाजणारी लादी

"दहा वर्षं इथं राहत होतात, याचा पुरावा?" खिडकीमागच्या बाईनं मान वर न करता विचारलं, आणि त्यानं आपल्या पायांकडे पाहिलं.

प्रश्न नवा नव्हता. तीन तास रांगेत उभा राहून त्यानं तो चाळीसेक वेळा ऐकला होता. पुढच्या माणसांनी पिशव्यांतून काढलेली वीजबिलं, पोराच्या शाळेच्या पावत्या, दवाखान्याच्या चिठ्ठ्या पाहिल्या होत्या, आणि आपल्याजवळ यातलं काही नाही हे त्याला घरून निघतानाच माहीत होतं. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, तसा तो निव्वळ उभा होता. धक्का बसला तो प्रश्नाचा नव्हे, पायाखालच्या जमिनीचा. हा हॉल आपण केलेला, हे दारातून आत शिरतानाच त्याच्या लक्षात आलं होतं. करड्या लाद्या, अंगठ्याच्या नखाएवढे सांधे, उजवीकडच्या भिंतीशी गुपचूप मारून नेलेला अर्धा इंच. पण चौथ्या खिडकीसमोर, खांबापासून तिसऱ्या लादीवर आपण उभे आहोत, हे बाईनं विचारलं तेव्हाच उमगलं. त्यानं टाच हलकेच उचलली आणि खाली टेकवली. बद्द. शेजारच्या लादीवर टेकवली. खणखणीत. पुन्हा तिसरीवर. बद्द. अकरा वर्षांपूर्वी आपल्या हातांनी सोडलेली तळहाताएवढी पोकळी अजून तिथंच होती.

"काहीही चालेल," बाई म्हणाली. आता तिनं वर पाहिलं. डोळ्यांखाली झोप साचलेली, पण चेहरा वाईट नव्हता. "भाड्याची पावती, कुणाचं पत्र, काहीही. फक्त तुमच्या नावाचं पाहिजे. आणि तारीख पाहिजे. महिनाअखेरपर्यंत या."

"आणतो," तो म्हणाला, आणि आपण इतक्या ठामपणे काय आणणार आहोत ते कळून त्याचे कान तापले.

लादी बसवायला त्याला मामानं शिकवलं होतं. मामा बोलायला फटकळ आणि कामाला देव. तो म्हणायचा, "गवंड्याची भिंत लोक मान वर करून बघतात, सुताराच्या दाराला हात लावतात. आपलं काम तुडवतात रे. वर थुंकतात. म्हणून शेवटची लादी आपली." शेवटच्या लादीच्या पोटात माल पुरता भरायचा नाही, मधे तळहात मावेल एवढी जागा सोडायची, लादीच्या पाठीवर खिळ्यानं नाव आणि तारीख कोरायची, आणि मग ती अशा जागी बसवायची की जड पाय पडू नये, खांबाशी, नाहीतर कोपऱ्यात. मालकाला सांगायचं नाही, मुकादमाला सांगायचं नाही. "शंभर वर्षांनी कुणी उखडलीच, तर त्याला कळेल की इथं अमुक एक माणूस गुडघे टेकून बसला होता." बाकीच्या सगळ्या कामात एक लादी पोकळ वाजली तर मामा थापी फेकून मारायचा. ही एक सोडून. ही पोकळी मुद्दामची, आणि मुद्दामची पोकळी सोडायला भरण्यापेक्षा जास्त हात लागतो, हे त्याचं म्हणणं. या परमुलखातल्या शहरात बिनपरवाना आल्यापासून तो सगळं सोडून बसला होता, घर, माणसं, बोलणं, नाव. मामाची रीत मात्र सोडली नव्हती. शहरभर न्हाणीघरांत, ओट्यांखाली, जिन्यांच्या वळणांवर त्याच्या लाद्या होत्या आणि त्या प्रत्येक कामात एक पोकळ वाजत होती.

बाकी खुणा पुसण्यात त्याचा हात कुणी धरला नसता. ज्या खोलीत सहाजण राहत, ती भलत्याच कुणाच्या नावावर. फोन खोलीतल्या वकिलाच्या नावावर. बसचं तिकीट उतरताच फाडायचं, तेही चार तुकडे करून दोन वेगळ्या डब्यांत टाकायचं. कामावर जायचा तो एका दुसऱ्याच माणसाचं कार्ड घेऊन. तो माणूस कधीच आपल्या गावी निघून गेला होता आणि जाताना कार्ड मागं ठेवून गेला होता. फोटो फारसा जुळत नव्हता, पण इथल्या लोकांच्या लेखी बाहेरून आलेले हे सगळे एकाच साच्यातून काढलेले. भुवया होत्या, मिशी होती, झालं. सुरुवातीच्या महिन्यांत दुपारच्या सुट्टीत तो रिकाम्या सिमेंटच्या पिशव्या उलगडून त्यांच्यावर त्या माणसाची सही गिरवत बसायचा. शंभर वेळा, दोनशे वेळा, हात कापायचा थांबेपर्यंत. पुढं एकदा डाव्या हाताचं बोट कटरखाली आलं, तेव्हा दवाखान्यात पट्टी झाली तीसुद्धा त्या माणसाला. म्हणजे अर्धं बोट गेलं याचं, आणि कागदोपत्री तुटलं त्याचं. यावर खोलीतले सगळे पोट धरधरून हसले होते. तोही हसला होता. तेव्हा ते हसण्यासारखंच वाटलं होतं.

आणि आता अकरा वर्षांनी सरकार म्हणत होतं की तू इथं होतास हे दाखव. जन्मभर पावलं पुसत चालायचं आणि शेवटी कुणीतरी म्हणायचं, पावलं कुठं आहेत तुझी?

दहा वर्षं राहिलेल्यांना कागद देणारा हा नवा कायदा म्हणजे वकिलाच्या आवडीचा विषय. वकील म्हणजे खरा वकील नव्हे. एका खाणावळीत तो भांडी घासत असे. पण खोलीतल्या टीव्हीवर चर्चा सुरू झाली की ओल्या हातांनी बनियन पुसत तो सगळ्यांना गप्प करी, आणि कलम कोणतं, मतं किती, कोण फुटला, कोण वठणीवर आला, सगळं तोंडपाठ सांगे. सहा महिने ती चर्चा त्या लहानशा पडद्यावर उकळत होती. एका बाजूचे म्हणत, हे लोक आमचा घास पळवतात. दुसऱ्या बाजूचे म्हणत, हे लोक नसतील तर आमची भांडी कोण घासेल, आमच्या फरश्या कोण बसवेल? पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा त्याला बरं वाटलं होतं. फरशीचं नाव कुणीतरी घेतलं. मग पाचव्या-सहाव्या वेळेला लक्षात आलं की त्याच्या बाजूनं बोलणारा तो गोरागोमटा माणूसही फरशीबद्दलच बोलतोय, त्याच्याबद्दल नाही. घरातला पंप जुना झालाय पण बदलायला परवडत नाही, अशा सुरात. त्याला राग आला तो शिव्या देणाऱ्यांचा नाही, या माणसाचा आला, आणि तसा राग येणं बरोबर नाही म्हणून तो उठून भाजी चिरायला बसला.

कायदा झाला तोही जेमतेम. मतं कमी पडत होती तेव्हा तडजोड झाली आणि एक ओळ वाढवली गेली: दुसऱ्याच्या नावावर काम केलेलं असेल, तर अर्ज बाद. वकिलानं ती ओळ दोनदा वाचली. "म्हणजे बघा," तो म्हणाला, "पोहून आलेल्यांना काठावर घेणार. पण अंग ओलं नको." त्या दिवशी खोलीत कुणी हसलं नाही. टीव्हीवर मात्र दोन्ही बाजूंचे हात मिळवत होते.

तरी त्यानं अर्ज भरला, स्वतःच्या नावानं. कारण एकच, मुलगी. तो निघाला तेव्हा अडीच वर्षांची होती. दाराशी उभी राहून, बूट उलटसुलट घालून, मी पण येते म्हणत होती. फोनवर ती त्याला 'बाबा, तू' म्हणायची. बाबा, तू कधी येशील? बाबा, तुला तिकडे कोण जेवायला वाढतं? नवव्या-दहाव्या वर्षी कधीतरी ते 'बाबा, तुम्ही' झालं. कुणी शिकवलं नव्हतं. गावातल्या पाहुण्यांना म्हणतो तसं आपोआप झालं असणार. त्यानं बायकोला विचारलं, तर ती म्हणाली, "मोठी होतेय, वळण लागलंय, चांगलंच आहे की." चांगलंच होतं. परवा तिनं विचारलं, "बाबा, तुमची उंची किती आहे हो?" तो म्हणाला, "दोन फुटी लाद्या तीन मांडल्या, की त्याच्यात चार बोटं कमी." ती हसली, पण थोडी उशिरा, आणि मग फोन आईकडे दिला. गावी जायचं तर परत येता येणार नाही आणि परत आलं नाही तर तिचं शिक्षण बंद पडेल. न जावं तर आणखी दोन-तीन वर्षांनी ती त्याला 'आपण' म्हणायला लागेल. कागद मिळाला तर जाऊन परत येता येईल, एवढंच. एवढंसंच मागणं होतं.

संध्याकाळी त्यानं वकिलाला लादीची गोष्ट सांगितली. वकील आधी खो खो हसला. "म्हणजे दारोदार जाऊन सांगणार काय? बाई, तुमच्या न्हाणीघरातली एक लादी फोडायचीय, तिच्याखाली मी आहे?" मग हसता हसता थांबला. "पण कचेरीतली... ती सरकारी जागा आहे. काम कधी झालं ते त्यांच्याच दप्तरी असेल. लादी निघताना जागेवर फोटो काढ. आणि साक्षीदार ठेव, अंगावर वर्दी असलेला. वर्दीवर त्यांचा विश्वास असतो."

दुसऱ्या दिवशी तो ठेकेदाराकडे गेला. ठेकेदार म्हणजे ज्याच्याकडे त्यानं पहिली पाच वर्षं काढली तो, कचेरीचा हॉल ज्यानं घेतला होता तो. त्यानं चहा मागवला, पाठीवर हात ठेवला, बायको-मुलगी कशा आहेत विचारलं. कामावर असल्याच्या पत्राचं नाव काढताच हात पाठीवरून उचलला.

"अरे, तू घरचा माणूस. पण कागदावर तू माझ्याकडे कधी होतास सांग? होता तो दुसराच. त्याला पत्र देतो म्हण, आत्ता देतो." आणि स्वतःच्या विनोदावर खूश होऊन त्यानं बशी पुढं सरकवली. "घे, चहा घे. आणि ऐक, शनिवार-रविवार मोकळा आहेस का? त्याच कचेरीत चाराच्या आठ खिडक्या करायच्यात. तुमच्या लोकांची गर्दी फार झालीय ना. पुढच्या चार रांगा उखडून खालून वायरी न्यायच्या, मग पुन्हा फरशी. तुझंच काम आहे, तूच कर. यादीबिदी काही नाही, दारावर नाव सांगायचं, सही करायची."

दात आहेत तर चणे नाहीत, असं आयुष्यभर चाललेलं. आज कुणीतरी मूठभर चणे आणून हातावर ठेवले, असं त्याला वाटलं. ठेकेदाराचे पाय धरावेत की थोबाडीत द्यावी, ते न कळून तो चहा प्याला.

शनिवारी सकाळी कचेरी रिकामी होती. दारावर म्हातारासा चौकीदार एकटाच वही घेऊन बसला होता. "नाव?" त्यानं विचारलं, आणि यानं आपलं नाव सांगितलं. खरं, वडिलांच्या नावासकट. वर्दीतल्या माणसासमोर अकरा वर्षांत पहिल्यांदा. आवाज चिरका निघाला. चौकीदारानं ते लिहून घेतलं, वही फिरवली, आणि सही करताना याची बोटं अशी अडखळली की शाळेतल्या पोरानं पाटीवर काढावं तसं वेडंवाकडं काहीतरी उमटलं. चौकीदाराला त्याचं सोयरसुतक नव्हतं. पण एकटेपणानं तो गप्पिष्ट झाला होता, आणि दिवसभर या नावानं हाका मारू लागला. पाणी पाहिजे का हो, अमुकराव? धूळ फार उडतेय, अमुकराव, खिडकी उघडू का? प्रत्येक हाकेला त्याच्या मानेमागं काहीतरी उबदार सरकत होतं. दोनदा त्यानं ऐकू आलं नाही असं दाखवलं, केवळ पुन्हा हाक यावी म्हणून. आपल्याच नावाची इतकी भूक असू शकते हे त्याला माहीत नव्हतं, आणि माहीत झाल्यावर थोडी लाजही वाटली.

भिंतीकडून एकेक रांग उखडत तो खांबाकडे सरकत होता. छिन्नी, हातोडा, खालच्या मालाचा कोरडा वास. जुनं काम उखडायला जड जात होतं, कारण ते चांगलं होतं. मामा असता तर छाती फुगली असती. अशाच कामाच्या दिवसांत तो या हॉलमध्ये डबा खायचा, त्या कोपऱ्यात, आणि डबा झाला की सिमेंटच्या पिशव्या पसरायचा. त्यानं मनात पुढचं सगळं लावून ठेवलं होतं. चौकीदाराला बोलवायचं. लादी त्याच्यासमोर अख्खी काढायची. नाव त्याला मोठ्यानं वाचायला लावायचं. मग फोटो, आधी लादी, मग लादी आणि चौकीदार, मग लादी आणि आपण. सोमवारी त्या झोपाळू बाईसमोर ठेवायचं आणि म्हणायचं, बाई, तुम्ही ज्या हॉलमध्ये बसता ना... नाही, जास्त बोलायचं नाही. नुसतं ठेवायचं. आणि संध्याकाळी फोन. पोरीला आधी सांगायचं, आईला नंतर. म्हणायचं, बूट सरळ घालायला शिकलीस का?

"दादा, जरा इकडे या," त्यानं चौकीदाराला हाक मारली. "एक गंमत दाखवतो." त्यानं लादीवर बोटाच्या पेरानं ठोकलं. बद्द. शेजारी ठोकलं. खणखणीत. "ऐकलंत? अकरा वर्षांपूर्वी हा हॉल मी केला. हिच्या पाठीवर माझं नाव आहे. बघा, निघेल आता."

"काय सांगता!" चौकीदार कमरेवर हात ठेवून वाकला. सुट्टीच्या दिवशी त्याला याहून मोठा तमाशा कुठून मिळणार होता?

सांधे त्यानं पात्यानं खरवडले, चारी बाजूंनी छिन्नी सरकवली, आणि श्वास धरून लादी उचलली. अख्खी निघाली. पोकळी कोरडी, स्वच्छ, हातानं आत्ताच सोडल्यासारखी. त्यानं लादी उलटी करून फुंकर मारली आणि चौकीदारापुढं धरली. चौकीदारानं चष्मा कपाळावरून खाली ओढला, एकेक अक्षर लावत नाव वाचलं, तारीख वाचली, आणि त्याच्याकडे पाहिलं.

"पण हे तर दुसऱ्याच कुणाचं नाव आहे, अमुकराव."

त्यानं लादी स्वतःकडे फिरवली. तारीख बरोबर होती. अक्षर त्याचं होतं. खिळा दाबून ओढायची, शेवटचा काना लांबवायची सवय त्याचीच. नाव कार्डावरचं होतं.

त्याला खोटं वाटलं नाही, हेच वाईट. पाहिल्याबरोबर आठवलं. दुसराच महिना. दारावर रोज ते नाव पुकारलं जायचं आणि आपण एक क्षण उशिरा ओ देतो, ही भीती पोटात घेऊन तो दिवस काढायचा. झोपताना तेच नाव, उठताना तेच. पिशव्यांवर तेच. त्या दुपारी या खांबाशी बसून त्यानं खिळा हातात घेतला, आणि मनात आलं, कुणी उखडलं तर? कुणी वाचलं तर? शंभर वर्षांनी वाचावं म्हणून कोरायचं, आणि उद्या कुणी वाचलं तर म्हणून त्याचा हात कापला होता. भिंतीला कान असतात हे लोक म्हणतात. यानं जमिनीलाही डोळे आहेत असं धरलं होतं. जिथं देवसुद्धा वाकून पाहणार नव्हता, तिथंही तो खोटं बोलला होता. मग घरी जाऊन, किंवा त्या खोलीला घर म्हणायचं तर तिथं जाऊन, तो हे विसरून गेला, आणि अकरा वर्षं छाती काढून मनात म्हणत राहिला की या शहरात वरती आपण कुणी नसू, खाली आहोत.

मग त्याला आणखी एक गोष्ट सुचली आणि गुडघे टेकलेले होते तिथंच तो बसला. बाकीच्या लाद्या? ती न्हाणीघरं, ते ओटे, ते जिने? नेमकं कोणत्या कामापासून आपण आपलं नाव कोरायला लागलो? तो आठवू लागला. खिळा आठवत होता, वाकणं आठवत होतं, ओल्या मालाचा गारवा आठवत होता. अक्षरं आठवत नव्हती. लागलो का कोरायला? कधीतरी?

"कोण हा?" चौकीदारानं विचारलं. त्याचा तमाशा फसला होता, पण माणूस म्हणून त्याला वाईट वाटत असावं.

मीच म्हणावं तर कायद्यात वाढवलेली ती ओळ होती. दुसरा कुणी म्हणावं तर हा हॉल आपला नव्हे.

"होता एक," तो म्हणाला. "आमच्यातलाच कारागीर."

"चांगला होता हो. बघा ना, एक लादी हलली नव्हती. कुठं असतो आता?"

"असेल इथंच कुठंतरी."

लादी त्यानं उखडलेल्या राबिटाच्या ढिगावर टाकली. वर आणखी राबीट पडल्यावर तिचे तीन तुकडे झाल्याचा आवाज आला. रविवारी वायरी गेल्या आणि नवी फरशी झाली. पाणसळीचा बुडबुडा सगळीकडे मधोमध, सांधे नखाएवढेच. जेवणाच्या सुट्टीत मुलीचा फोन येऊन गेला. बाबा, तुमचं काम झालं का, असं तिनं विचारलं, आणि तो म्हणाला, होत आलंय. खांबापासून तिसरी लादी शेवटची उरली. खिशात खिळा होता. घरून निघताना त्यानं सवयीनं टाकला होता. बोटानं तो चाचपत तो बराच वेळ लादीच्या कोऱ्या पाठीकडे पाहत राहिला. मग थापीनं माल उचलला आणि खाली पसरला, कडेला, मधे, सगळीकडे, कुठं बोटभरही जागा न ठेवता. लादी टेकवली, रबरी हातोड्यानं चारी कोपरे बसवले. पेरानं ठोकून पाहिलं. खणखणीत.

दारावर चौकीदार वही उघडून बसला होता. "बरं वाटलं तुमची ओळख झाली, अमुकराव," तो म्हणाला, आणि सकाळच्या नावासमोर बोट ठेवलं. "इथं सही करा." त्यानं पेन घेतलं. सही एका झटक्यात आली, वळणदार, कार्डावरच्या त्या माणसाची. हात जरासुद्धा कापला नाही. चौकीदारानं न पाहताच वही मिटली.